सहा मीटरची गल्ली

रस्त्याची रुंदी कोठे मोजावी, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मी शाळेत भूमिती शिकवली. दोन समांतर रेषांमधील अंतर सर्वत्र सारखे असते, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, ते आता सांगता येणार नाही. आमच्या गल्लीच्या दोन बाजू मात्र समांतर नव्हत्या. एका घराचा ओटा पुढे आला होता, दुसऱ्याची मोरी पुढे आली होती, तिसऱ्याच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरत होत्या. अशा गल्लीची रुंदी मोजण्याचा नियम एकच आहे. ती जेथे सर्वांत अरुंद असेल, तेथे टेप धरावा. तेथे जो आकडा येईल, तीच साऱ्या गल्लीची रुंदी. नियम योग्य आहे. आगीचा बंब अरुंद जागेपाशी अडतो, सरासरीपाशी अडत नाही. हे मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. पटले नसते, तर निदान कोणाशी तरी भांडता आले असते.

गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. तिच्या तोंडाशी माझे घर आहे. पाठीमागच्या बाजूने मागांचा आवाज दिवसभर येत असतो आणि तो बंद पडला, की आज वीज गेली एवढेच आम्ही म्हणतो. माझ्यापासून पाचव्या घरात एक कुटुंब राहते. घरधनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम करतो. त्याच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. त्या घरी टॉवेलच्या कडा शिवतात. थोरला मुलगाही वडिलांबरोबरच कामाला जातो. घर दोन खोल्यांचे. मुलाचे लग्न झाले तेव्हा सुनेच्या माहेराहून लोखंडी कपाट आले. टेम्पो माझ्या घरापाशीच अडला, आणि तेथून चौघांनी ते कपाट खांद्यावर उचलून नेले. त्यातला एक मी होतो, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. कपाट आतल्या खोलीत गेले, म्हणून वहिनींची शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत आली. तेव्हापासून अंथरुणे घालायची, तर आधी मशीन उचलून ओट्यावर ठेवावी लागे आणि सकाळी पुन्हा आत घ्यावी लागे. नातू झाल्यावर ओट्यावरचीही जागा अपुरी पडू लागली. घरावर एक खोली चढवली असती, तर सगळेच प्रश्न सुटले असते. नाही तर मुलाला वेगळे बिऱ्हाड करावे लागणार होते. वहिनींना ते नको होते. मुलालाही नको होते.

त्या वर्षी गणपतीनंतर लहान घरांसाठीचे बांधकामाचे नियम सैल झाल्याचे कळले. मी नगररचना कार्यालयात जाऊन ते समजून घेतले. समजले ते असे. लहान भूखंडावर मजला चढवताना बाजूला मोकळी जागा सोडावी लागणार नव्हती, वाहनतळाची सक्ती नव्हती, आणि मंजूर नकाशा हाती आला, की घरकुलाचे अनुदान मिळणार होते. अट एकच होती: घरासमोरचा रस्ता सहा मीटर हवा. अनुदानासाठी मुदत मार्चअखेर. विनापरवाना मजला चढवणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्यापाशी स्वतःचा पैसा असतो. वहिनींच्या घरात अनुदानावाचून विटांचा पहिला थरही चढणार नव्हता.

आमची गल्ली सहा मीटर नव्हती. मात्र दोन्ही बाजूंची घरे हातभर मागे सरली असती, तर ती होणार होती. मी सर्वांना रविवारी माझ्या ओट्यावर बोलावले आणि खडूने फरशीवर गल्ली काढून दाखवली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. समोरचा रिक्षावाला तेवढा बोलला.

“सर, शाळेत आमाला वहीत समास सोडायला लावला. आता घरालाबी समास सोडायला लावताय व्हय?”

“वहीत तू कधी सोडला नाहीस,” मी म्हणालो. “आता तरी सोड.”

लोक हसले, आणि हसता हसता कबूल झाले. यात कोणाचा मोठेपणा होता असे नाही. आज वहिनींना खोली हवी होती, उद्या प्रत्येकालाच लागणार होती. सर्वांत शेवटी गल्लीच्या मध्यावरच्या घरातले काका बोलले. ते गिरणीत काम केलेले. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी भोंगा झाल्यासारखे पहाटे उठत. ते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी गल्ली अक्का म्हणते, असे दोघेच राहत.

“तुमचं समद्यांचं पायऱ्या-ओट्यावर भागतंय,” काका म्हणाले. “माझी भिंतच पुढं हाय. चौकट, उंबरा, समदं उचलून मागं न्यावं लागंल.”

“न्याल का?” मी विचारले.

“नेतो की. मागं सरायची मला सवय हाय. ही लग्नापास्नं मला मागंच सारायलीय.”

“आन् तरीबी भिंत पुढंच ऱ्हायली,” अक्का म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मला फार आवडले. एकेक पायरी फुटत होती. रिक्षावाल्याने स्वतः घण घेतला आणि स्वतःचाच ओटा फोडताना येणाऱ्या-जाणाऱ्याला, “घ्या, समास घ्या,” म्हणत राहिला. मी माझी कुंपणाची भिंत पाडून मागे बांधली. दिवाळीला आकाशकंदील लागले, तेव्हा गल्ली दोन्ही टोकांना ऐसपैस दिसू लागली होती. मधोमध काकांचे घर तेवढे पुढे उभे होते.

येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. ओटा फोडणे आणि उंबरा हलवणे या सारख्या गोष्टी नव्हेत. आमच्या गल्लीत दाराची चौकट बसवतात ती पूजा करून. तिच्याखाली पंचरत्ने ठेवतात, उंबऱ्याला हळद लावतात, आणि दर शुक्रवारी ती हळद नव्याने लागते. असा उंबरा काढायचा, तर मुहूर्त पाहावा लागतो. काकांनी पुरोहिताला विचारून तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस धरला होता. गवंडी ठरला होता. नवी भिंत कोठे येणार ते कळावे, म्हणून काकांनी घरातल्या फरशीवर गेरूने रेघ ओढून ठेवली होती. मी ती टेपने तपासली. रेघ अगदी सरळ होती.

मुहूर्ताला चार-पाच दिवस उरले असताना काका गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखते म्हणाले, आणि रिक्षात बसवेपर्यंत सगळे संपले होते. त्यांना त्याच दारातून बाहेर आणले. उंबऱ्यावरची हळद ताजी होती.

आमच्याकडे घरात मृत्यू झाला, की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घरात मंगल कार्य होत नाही. चौकट बसवणे हे मंगल कार्य. म्हणजे काकांचा उंबरा पुढच्या कार्तिकापर्यंत हलणार नव्हता, आणि मुदत मार्चपर्यंतच होती. हा हिशेब मांडायला भूमिती लागत नव्हती. तेराव्याच्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने तो मनात मांडला होता, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होते.

मी कार्यालयात पुन्हा गेलो. तेथील अभियंता बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मधे एकदाही न थांबवता सगळे ऐकून घेतले.

“बाकी सारी गल्ली सहा मीटर झाली आहे,” मी म्हणालो. “एकाच घरापाशी ती दीड हात कमी पडते. तेही वर्षभरात मागे जाईल. हमीपत्र लिहून दिले, तर चालेल का?”

“सर, जागेवर जाऊन मोजल्यावर मला आकडा लिहावा लागतो,” त्या म्हणाल्या. “हमीपत्राचा रकाना नाही.”

“आणि मुदत?”

“ती माझ्या हातात नाही. वाढली तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन.” मग त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा सर, मी कोणता आकडा लिहू?”

मी वर्गात हजारो मुलांना विचारला असेल तसाच तो प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला येत होते. म्हणून मी उठलो.

घरी परतताना वहिनींच्या ओट्यावर थांबलो. झाले ते जसेच्या तसे सांगितले. घरधनी म्हणाला, “जाऊ द्या सर. अक्काला यातलं काय सांगू नका. इचारलं, तर ती हो म्हनंल. म्हनून इचारायचंच न्हाय.” मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन उभा होता. बापाने त्याच्याकडे पाहिले. त्याने मान डोलावली. तो थकलेला दिसत होता. कामावरून नुकताच आला असेल.

पण गल्लीत कोणती गोष्ट लपते? फेब्रुवारीत एका दुपारी मी वहिनींकडे बसलो असताना अक्का आल्या. दुखवट्यामुळे त्या कोणाच्या घरी जात नसत. ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या.

“सर हितंच हायत, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मार्चचं माझ्या कानावर आलंय. गवंड्याला बोलवा. रेघ त्यांनी मारून ठिवलीच हाय.”

वहिनींनी मशीन थांबवली. “आदी वर या अक्का. चा टाकते.”

“चा नको. हो म्हन.”

“न्हाय म्हनते.”

“का गं?”

“काकांचं वरीस व्हायच्या आत त्यांचा उंबरा उपटायचा, आन् त्यावर माझ्या नातवाला खोली बांधायची? त्या खोलीत आमाला झोप लागंल का, सांगा.”

“त्यांनी समद्यांम्होरं शबुद दिला हुता.”

“दिला हुता. तुमीबी द्या. वरीस झाल्यावर.”

अक्का माझ्याकडे वळल्या. “सर, तुमी सांगा हिला. तुमचं ऐकती ती.”

मी मार्चअखेरची तारीख पुन्हा सांगितली. ती तिघांनाही माहीत होती. एका बाजूला एक बाई आपल्या नवऱ्याचा शब्द पाळू पाहत होती, दुसऱ्या बाजूला दुसरी तिला तो पाळू देत नव्हती, आणि दोघींपैकी कोणाचेही चुकत नव्हते. शाळेत असे गणित येत नाही. तेथे कोठेतरी चूक सापडतेच, आणि ती सापडली, की उत्तर सुटते. मी भिंत तेवढी आता मागे घेऊन चौकट वर्ष होईपर्यंत घरात जपून ठेवण्याची युक्ती बोलून पाहिली. अक्का विचारात पडल्या, पण वहिनी म्हणाल्या, “सर, दार न्हाय ते घर कसलं? आन् एकट्या बाईनं तट्ट्या लावून ऱ्हायचं व्हय?” अक्का गेल्या. वहिनींनी मशीन पुन्हा सुरू केली, पण कड वाकडी जाऊ लागली, म्हणून उसवत बसल्या.

मार्च गेला. अभियंता बाईंचा फोन आला. मुदत वाढली नाही, एवढे सांगायलाच त्यांनी केला होता. त्यांनी शब्द पाळला, याचा राग येण्याचे कारण नव्हते.

उन्हाळ्यात बाळाच्या अंगावर घामोळे उठले. पावसाळ्यात ओट्यावर मशीन ठेवता येईना. घरधनी आणि मुलगा जेवणाची पाळी लावू लागले, कारण चौघांची ताटे एका वेळी मांडता येत नव्हती. मला दिसत होते. मी वाट पाहत होतो, आणि कशाची, ते मला सांगता आले नसते.

कार्तिकात काकांचे वर्षश्राद्ध झाले. पुढच्याच आठवड्यात अक्कांनी गवंडी बोलावला. साऱ्या गल्लीने हात लावला. चौकट उचलताना रिक्षावाल्याने सुद्धा चेष्टा केली नाही. नवा उंबरा बरोबर गेरूच्या रेघेवर बसला. वहिनींनी त्याला हळद लावली. मी टेप धरला, दुसरे टोक घरधन्याने धरले. सहा मीटर, आणि वर चार बोटे.

मी कार्यालयात गेलो. नियम अजून तोच होता. नकाशा आता मंजूर होऊ शकत होता, पण अनुदानाची नवी नावे घेणे थांबले होते. पुढची योजना कधी येईल, ते त्यांना ठाऊक नव्हते. म्हणजे वहिनींना वर खोली बांधण्याची परवानगी मिळत होती, आणि खोली मिळत नव्हती. मी हे गल्लीत सांगितले तेव्हा मुलगा म्हणाला, “सर, एमआयडीसीच्या पल्याड पत्र्याची खोली बघितलीया. कामाला जवळ पडंल.” मुदत संपली तेव्हाच त्याने ठरवले असावे. अक्कांचा उंबरा बसेपर्यंत तो थांबला होता.

मार्गशीर्षात एका रविवारी टेम्पो आला. माझ्या घरापाशी तो थांबेल, या सवयीने मी चप्पल घालून पुढे झालो. तो थांबला नाही. रिक्षावाल्याच्या नव्या ओट्यासमोरून, अक्कांच्या दारावरून सरळ आत गेला आणि वहिनींच्या उंबऱ्याशी उभा राहिला. लोखंडी कपाट या वेळी दोघांनीच चढवले. वहिनी बाळाचे कपडे पुन्हा पुन्हा घडी घालून पिशवीत भरत होत्या. अक्का आपल्या दारात उभ्या होत्या; त्या पुढे आल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायला कोणी गेले नाही.

चालकाने दोर आवळला, आरशात पाहिले आणि गाडी जागच्या जागी वळवली.

“गल्ली चांगली रुंद हाय की तुमची,” तो म्हणाला.

“सहा मीटर,” मी म्हणालो. त्याने आकडा विचारला नव्हता.