आत्येसासूंची अक्षरओळख

आत्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. रस्ता चुकल्या तरी विचारणार नाहीत. मला इकडेच यायचं होतं, असं म्हणून चुकलेल्या रस्त्याने तोऱ्यात चालत राहतील. त्यांचं लग्न ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही, आणि नवरा वर्षाच्या आत निघून गेला तेव्हा त्यांनीही त्याला का म्हणून विचारलं नाही. धाकट्या भावाच्या कारखान्यात येऊन त्यांनी वेल्डिंगचा रॉड हातात धरला तो धरलाच. भावाची मुलगी त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळी शेड म्हणू लागली, आणि माल न्यायला येणारे ट्रकवालेही, ज्यांच्या खऱ्या आत्या यांच्यापेक्षा लहान असतील.

हात मात्र सोन्याचा. टाकीच्या आतला सांधा मारायचा तर अंग चोरून आत शिरायचं, उताणं पडायचं आणि तोंडावर ठिणग्या झेलत काम करायचं. आत्यांचा देह चांगला भरदार, तरी त्या टाकीच्या तोंडातून मांजरासारख्या आत सरकत आणि आतून सगळ्यांच्या नावाने शंख करत. त्यांनी मारलेला सांधा पुन्हा मारावा लागला, असं कधी झालं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, रोज सांगत, पण खरं होतं.

अशा ठिकाणी जावई आला. भावाच्या मुलीचा नवरा, डिप्लोमा झालेला, काडीपैलवान, अतिशय नम्र. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे आत्यांना ठाऊक होतं. पण हा ग्रह नुसता वक्री नव्हता, इंग्रजी होता. त्याने आल्या आल्या प्रत्येक कामाला बारशासारखी नावं ठेवली. शेड ज्याला रॉडचं वेल्डिंग म्हणे ते एस-एम-ए-डब्ल्यू. टिगचं वेल्डिंग ते जी-टी-ए-डब्ल्यू. मिगचं ते जी-एम-ए-डब्ल्यू. जगभर असंच लिहितात, असं तो अदबीने म्हणे. शेडने ती अक्षरं जमतील तशी जोडून वाचली. मिगवाल्याच्या मशीनवर 'गमाव' लागलं तेव्हा तो बिचारा नोकरी गमावणार म्हणून चार दिवस नीट जेवला नाही.

आता आत्येसासूला तोंडावर काम सांगायचं म्हणजे जावयाला धीर होत नसे, आणि हे काय खरडलंय म्हणून जावयाला विचारणं आत्यांच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे दोघांमधला सगळा व्यवहार खडूने चाले. तो लोखंडावर अक्षरं लिहून निघून जाई. आत्या ती बघून मान हलवत, आणि त्याची पाठ वळली की काम बघून अंदाज बांधत. इतके दिवस अंदाज बरोबर निघाला, हेच वाईट झालं.

त्यातच भावाने विषय काढला. ताई, गुडघे कुरकुरतात तुझे, ही मोठी टाकी झाली की ऑफिसात पंख्याखाली बस, हजेरी बघ, चहा पी. प्रेमाने म्हणाला तो. आत्यांना मात्र जिवंतपणीच फोटो करून भिंतीवर टांगल्यासारखं वाटलं. हे जावयाचंच कारस्थान, अशी त्यांची खात्री पटली. टाकीचा सांधा असा मारायचा की पुन्हा पंख्याचं नाव निघता कामा नये, हे त्यांनी ठरवलं.

आणि मारला. जाड पत्र्याचे दोन मोठे गोल भाग एकाला एक टेकवून, आत शिरून, गुडघ्यांची हाडं वाजवत, पूर्ण फेरी त्यांनी हाताने भरली. बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या आणि कुणाशीही भांडल्या नाहीत, इतक्या खूश होत्या. जावई बॅटरी घेऊन आत गेला, बराच वेळ आतच राहिला. बाहेर येऊन त्याने सांध्याच्या रेषेवर खडूने तीन अक्षरं लिहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि गिऱ्हाइकाकडे निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत आत्या अक्षरं बघायला गेल्या. एस. ए. डब्ल्यू. ही तर त्यांना येत होती! हॅक्सॉच्या पाकिटावर बघितलेली. सॉ म्हणजे करवत. म्हणजे कापा.

सांध्यात खोट काढली होती त्याने, आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून खडू फिरवून पळाला होता. काय चुकलं, कुठे चुकलं, एवढं विचारायला फोन होता, भाऊ पंधरा पावलांवर ऑफिसात डबा खात होता. पण विचारलं म्हणजे चूक कबूल केली, असा त्यांचा हिशोब. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीला पुसलं, ग्राइंडर उचलला आणि आपलाच सांधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापून काढला. कापला मात्र अगदी सरळ. तिथेही कुणी नाव ठेवायला नको.

संध्याकाळी जावई परतला आणि टाकीचे दोन तुकडे बघून मटकन पत्र्यांच्या थप्पीवर बसला.

"आत्या, हे कुणी केलं?"

"तुम्हीच लिहिलंत ना, सॉ."

त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की आत्यांना पहिल्यांदाच त्याची दया आली.

"सॉ म्हणजे करवत नाही हो. ते आपलं नवीन मशीन, भुकटीखाली आर्क बुडवून वेल्डिंग करणारं, त्याचं नाव आहे ते. आतला सांधा पास झाला, आता बाहेरून त्या मशीनवर घ्या, असं लिहिलं होतं मी."

त्या मशीनला सगळी शेड वाळूचं मशीन म्हणे. भुकटी वाळूसारखी दिसते, आर्क म्हणजे विजेची ज्योत तिच्याखाली जळते, ना उजेड ना ठिणगी. ज्याला एक नाव होतं, त्याला दुसरंही नाव असेल, हे आत्यांच्या गावीही नव्हतं.

"पास?" आत्या म्हणाल्या.

"इतका चांगला सांधा मी कॉलेजातसुद्धा बघितला नव्हता. सांगणार होतो. पण तुम्ही रागावता सारख्या."

एवढ्यात भाऊ आला. टाकी बघून त्याने डोक्याला हात लावला आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. जावयाने क्षणाचाही वेळ न घालवता सांगितलं की लिहिण्यात आपलीच चूक झाली. भावाने जावयाकडे बघितलं; सासरा असल्यामुळे त्याला शिव्या गिळाव्या लागल्या, ते दिसतही होतं. आत्यांनी नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. चूक जावयाची, नाव शाबूत, पंखाही टळला असता.

"तो खोटं बोलतोय," आत्या म्हणाल्या. "मी कापलं. मला ती अक्षरं कळत नाहीत, एकही नाही. आणि विचारायची लाज वाटते."

भाऊ बहिणीकडे बघतच राहिला. लहानपणापासून तिला ओळखत होता, पण ही बाई त्याच्या ओळखीची नव्हती. मग त्याने दमलेल्या आवाजात सांगितलं की ताई, म्हणूनच म्हणतो, आता तू ऑफिसात बस.

जावई उठला. सासऱ्यासमोर त्याचा आवाज नेहमीसारखा बारीकच होता. आतला सांधा आत्यांशिवाय कुणाला येणार नाही, असं तो म्हणाला. अक्षरं शिकवता येतात, हात कुठून आणायचा? भाऊ हं म्हणाला आणि ऑफिसात गेला. त्याने हो म्हटलं की नाही, ते कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दोन्ही भागांच्या कडा नव्याने तासायला निघाल्या. कापण्यात कड गेली होती, म्हणून एका बाजूला जोडायला नवा पट्टा लागणार होता. त्यासाठी आणलेला पत्रा भिंतीला टेकवलेला होता, आणि त्यावर रेष आखून जावयाने लिहिलं होतं, पी. ए. सी. आत्यांनी वाचलं, पॅक. घाईत शेवटचं अक्षर राहिलं असेल पोराचं. त्यांचा हात गोणपाटाकडे गेला, सुतळी सापडली, अर्धी गाठही बसली.

मग त्या थांबल्या. ऑफिसच्या दारात भाऊ उभा होता, मिगवाला काम सोडून बघत होता. आत्यांचा चेहरा लाल झाला. साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात, कुणाला धमकी द्यावी तसं, त्यांनी विचारलं,

"जावईबापू, याचा अर्थ काय?"

जावई धावत आला. "प्लाझ्माने कापायचं आत्या. प्लाझ्मा आर्क कटिंग."

"म्हणजे जोडायचं त्याला सॉ, आणि कापायचं त्याला पॅक?"

"हो."

आत्यांनी त्या अक्षरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जावयाने तो खाली मान घालून ऐकून घेतला. मग त्यांनी सुतळी सोडली, थप्पीवर त्याच्यासाठी जागा केली आणि म्हणाल्या, "बसा. आणखी किती आहेत, सगळी सांगा."

दारातून भावाने ओरडून सांगितलं की ताई, आज हजेरी मीच घेतो.