जर्मनची चार झाकणं

जी गोष्ट मी चौदा वर्षं कोणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही, ती सांगायची तर आधी माझ्या मामेसासऱ्यांविषयी सांगावं लागेल. आणि त्यांच्याविषयी पहिलं सांगायचं ते हे, की उभ्या वऱ्हाडात त्यांच्या मोटारीच्या चाकांइतकं स्वच्छ दुसरं काहीही नव्हतं. देवळांचे कळससुद्धा धरून. मामा अकोल्यात वकील. कापसाच्या जिनवाल्या एका शेटजींकडून त्यांनी जुनी मोटार घेतली होती, आणि तिच्या चारही चाकांवर ताटाएवढी ॲल्युमिनियमची, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत जर्मनची, झाकणं होती. ती मळू नयेत म्हणून मामा कोर्टात सायकलनं जात. एकदा मूर्तिजापूरला लग्नाला मोटार न्यावीच लागली, तर इकडे मंगलाष्टकं चालू आणि मामा मांडवामागे पाटावर बसून पुढचं डावं चाक धुताहेत. नवरीचा बाप बोलवायला आला तर म्हणाले, "लगन तुमचं लागूनच राहिलं जी, इथं चिखल वाळून राहिला!"

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्याच घरी राहत होतो; बायको बाळंतपणाला अमरावतीला, माहेरी. दर रविवारी सकाळी कडुनिंबाच्या सावलीत मामांचा सगळा सरंजाम मांडला जाई. आधी ते झाकणाला तळहात लावून पाहत, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. गरम असेल तर थांबायचं. मग नुसत्या पाण्यानं धूळ सोडवायची, कारण कोरडं पुसलं की रेघा उमटतात. मग रिठ्याचं पाणी आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. खाचांसाठी दाढीचा झिजलेला ब्रश. चाकाचं फडकं वेगळं, मोटारीच्या अंगाचं वेगळं. एक चाक पार कोरडं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. "चिंच नाही, राख नाही, अन् सोडा तर नाहीच नाही," ते बजावत. "हे पितळ नव्हे, जवाईबुवा. जर्मनची जात नाजूक." ही मला त्यांच्या शंभर लहरींपैकी एक वाटे. पण मी फडकं मागितलं की ते हात मागे घेत. "जवाईमानसानं चाक धुवाव काय? बसा खुर्चीवर."

मी खुर्चीवर बसून पाहत राही. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते. या माणसानं एकदा तरी "हं, धरा हे" म्हणून ते ओलं फडकं माझ्या हाती द्यावं, असं मला फार वाटे. अजूनही रविवारी सकाळी रिठ्याचा वास आला की तसंच वाटतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा कामासाठी अमरावतीला गेले होते. मामी अंगणात देवाची उपकरणी चिंच आणि राख लावून घासत होत्या. काळी पडलेली समई बघता बघता सोन्यासारखी झाली. मला वाटलं, उद्या मोटारीची पूजा. मामांनी यावं आणि झाकणं अशीच लखलखताना पाहावीत. मामी आत गेल्यावर उरलेली चिंच-राख घेऊन मी बसलो. मनासारखी चमक येईना, म्हणून धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतला. झाकणं काळीठिक्कर पडली. घाबरून आणखी राख घासली, तर काळ्यावर रेघाच रेघा.

दसऱ्याला सकाळी मामा आले. चारही चाकांभोवती एक फेरी मारली. "कोनं केलं हे?"

मी तोंड उघडलं, तोच दारातून मामींचा आवाज आला. "म्या केलं. भांडे घासून राहिली होती, म्हटलं हेही घासून घ्याव."

"तीस वर्षं सांगून राहिलो तुले," मामा म्हणाले. ओरडले नाहीत. मोटारीला हार न घालताच आत गेले.

स्वयंपाकघरात मी मामींजवळ गेलो, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "सणाच्या दिवशी जवाईले कोनी बोललं, तर मी माह्या नणंदेले काय तोंड दाखवू? गप राहा तुमी." आणि मी गप राहिलो. फार सोपं होतं ते.

आठ दिवस मामा मामींशी बोलले नाहीत. निरोप माझ्यामार्फत. "जवाईबुवा, मालकिणीले सांगा, वरणात मीठ नाही." मामी चुलीपाशी, त्यांच्यापासून दोनच हातांवर बसलेल्या, मी मान वळवून तो निरोप त्यांना सांगे आणि त्या पदराआड हसत. पुढच्या रविवारी मामा बादली घेऊन कडुनिंबाखाली गेले, चाकाकडे बघत बसले आणि भरली बादली तशीच झाडाच्या बुंध्याशी ओतून परत आले. त्यानंतर त्यांनी चाकं धुतली नाहीत. पुढे मोटारही विकली.

मामी गेल्या पावसाळ्यात वारल्या. परवा अकोल्याला गेलो होतो. मामा ओसरीवर बसलेले, बरेच वाळलेले. बराच वेळ मामींविषयीच बोलत होते. मग म्हणाले, "तिनं सारं आयकलं माहं. एकाच गोष्टीत आयकलं नाही. अन् त्यापायी मी आठ दिवस बोललो नाही तिच्यासंग. आता वाटते, कावून केलं असन मी असं?"

तेव्हाही मी चहाचा कप खाली ठेवला आणि काही बोललो नाही. सांगितलं तर त्या आठ दिवसांचं त्यांना काय वाटेल, असं स्वतःला समजावत मी संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. खरं म्हणजे मी माझ्यासाठीच घाबरलो.

मामींनी मामांचं सारंच ऐकलं होतं. ती झाकणं मी घासली. एवढं अकोल्याला जाऊन, मामांच्या समोर बसून, मला अजून सांगायचं आहे.