नल्लकुंट्याचा श्वासवर्ग

पंधरा माणसं सकाळी सहाला जमून नुसता श्वास घेतात आणि सोडतात, यात सांगण्यासारखं काय घडणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण आमच्या नल्लकुंट्याच्या वर्गाला सहा वर्षं झाली आणि किस्से इतके साठलेत, की घरी आल्यावर माझी तब्येत कुणी विचारत नाही. "आज काय झालं?" एवढंच विचारतात.

वर्ग एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शिकवणारे सर सत्तरीचे, जन्मापासून हैदराबादचे. बोलतात मराठी, रागावतात दख्खनीत. त्यांचा एकच हट्ट. योग चटईत गुंडाळून घरी न्यायचा नाही. कुकरपाशी, सिग्नलला, रांगेत, जिथं उभे असाल तिथं दीर्घ श्वास घ्यायचा.

मी पडले आज्ञाधारक. कुकर लावला आणि डोळे मिटून श्वास मोजायला लागले. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळ पार करपली. नवरा ताटावर बसून म्हणाला, "मन शांत झालं ना तुझं? मग झालं. डाळीचं काय एवढं." इतक्या शांतपणे म्हणाला, की वर्गाला मी जाते की तो जातो, तेच मला कळेना.

* * *

ऋता आमच्यात सगळ्यात लहान. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली. तिनं सिग्नलचा गृहपाठ घेतला. कोटी भागातल्या चौकात स्कूटरवर डोळे मिटले, चार मोजत आत, चार मोजत बाहेर. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मागचा रिक्षावाला उतरून शेजारी आला आणि अगदी मायेनं म्हणाला, "मॅडम, नींद आरी तो घर जाके सोव ना."

सरांना सांगितलं, तर सर म्हणाले, "हौ, पण तो चिडला नाही ना? म्हणजे त्याचा श्वास बरोबर आहे."

* * *

एकदा सरांनी आम्हाला श्वास भरायला लावला. म्हणाले, "रोखा." तेवढ्यात वॉचमन पाण्याच्या टँकरचं विचारायला आला आणि सर त्याच्याशी बोलायला दारात गेले. टँकर कुणी बोलावला, कधी येणार, टाकी कुणी धुवायची... आम्ही रोखून बसलेलो. सरांनी सांगितल्याशिवाय सोडायचं कसं? माझ्या कानात गुणगुण सुरू झाली. शेवटी ऋताच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तिनं बघितलं आणि फसकन हसली. म्हणाली, "हे म्हणतंय, जरा श्वास घ्या."

पंधरा जणांनी घड्याळाचं ऐकलं.

* * *

खरं म्हणजे पंधरा नाही, चौदाच. वसंतराव कधी काही करायचेच नाहीत. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. तेव्हापासून लिफ्टनं वर यायचे आणि खुर्चीत बसून आमच्याकडे बघायचे. सर म्हणाले, "निदान श्वास तरी घ्या." तर म्हणाले, "डॉक्टरांनी जपायला सांगितलंय."

कमलताई, त्यांची बायको, शेजारीच असायची. "डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा सांगितलंय. ते बरं ऐकू आलं नाही."

हसायचो आम्ही, पण तिचं दुःख ठाऊक होतं. त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वसंतराव पायरीला पाय लावायला तयार नाहीत. म्हणून घराला कुलूप आणि दोघं आठ महिने तिच्या नणंदेकडे, तळमजल्यावर. "स्वतःच्या हातानं फोडणी घालून किती दिवस झाले गं," ती मला एकदा म्हणाली.

वसंतराव पिशवीतून बीपीचं मशीन आणायचे. वर्गाच्या आधी बीपी, वर्गानंतर बीपी. एक दिवस नुसतं ऐकून ऐकूनच बीपी छान खाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वसंतरावांनी मशीन दुरुस्तीला टाकलं.

* * *

आता परवाचं. आम्ही तिघं, म्हणजे ती दोघं आणि मी, खाली पोचलो, तर सर नुकतेच लिफ्टनं वर निघालेले. वीज गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकली. वरून सरांचा आवाज आला, "कोई है?" तो आवाज सरांचा वाटेनाच.

वसंतरावांना बाकावर बसवून मी आणि कमलताई धावत वर गेलो. तिसऱ्या मजल्याच्या जाळीतून खाली सरांचं डोकं दिसत होतं. घामाघूम. जाळी घट्ट धरलेली, श्वास भराभरा. "मला कोंडल्यासारखं होतंय," म्हणाले. इतकी वर्षं आम्हाला शिकवणारा माणूस!

"सर, इकडं बघा. माझ्याकडं. चार मोजत आत घ्या. एक... दोन..."

मागून वसंतराव आले होते. जाळीशी उकिडवे बसले आणि स्वतःही सरांबरोबर पोटभर श्वास घ्यायला लागले. "आता हळूहळू सोडा. घाई नाही." मी तोंड उघडणार, तोच कमलताईनं माझा दंड घट्ट पकडला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

पाच-सात मिनिटांत सरांचा श्वास ताळ्यावर आला. त्यांनी कपाळ पुसलं, वर बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वसंतराव, लिफ्टमधे तर मी आहे. तुम्ही वर कसे आलात?"

वसंतरावांनी वळून जिन्याकडं बघितलं. मग पुन्हा जाळीशी वाकले.

"तुम्ही बोलू नका, सर. श्वास सोडा."