देवापुढची वाटी

"अगं, देवापुढे ठेवली होती. कुठे उघड्यावर टाकली होती का मी?" धनंजय तिसऱ्यांदा म्हणाला.

"देवापुढे ठेवलीत म्हणून तर. मोरीत ठेवली असतीत तर पोरीने हात तरी लावला नसता."

ओमानमधल्या खाबुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात भांडण पेटून बराच वेळ झाला होता. त्यांची मुलगी पूर्वा सोफ्याच्या टोकावर बसली होती. साबणाने धुऊन धुऊन तिचे तळहात लाल झाले होते.

धनंजय सोहारच्या धक्क्यावर जहाजांना नळ्या जोडायच्या कामावर होता. गॅसपासून केलेलं मिथेनॉल तिथून जहाजं भरून जायचंच, त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी आलेल्या जहाजाचं इंजिनच मिथेनॉलवर चालत होतं, आणि तेही परदेशात कचऱ्यापासून बनवलेल्या मिथेनॉलवर. कंपनीने मांडव घातला, मिठाई वाटली आणि प्रत्येक कामगाराला त्या नव्या इंधनाची छोटी काचेची बाटली भेट दिली. बाटलीवर एक हिरवं पान छापलेलं. बाकी एक अक्षर नाही.

नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे, ही धनंजयची देवगडची सवय. आणि देवाला झाकलेलं दाखवायचं नाही. म्हणून त्याने बाटली उघडून थोडं चांदीच्या वाटीत ओतलं, हात जोडले आणि अंघोळीला गेला. दुसऱ्या दिवशी पूर्वाचा गणिताचा पेपर. ती देवापुढे आली, वाटीत पाणी दिसलं, तीर्थ समजून पळीने तळहातावर घेतलं. तिची आई जयवंती दिवा लावायला येत होती. दारातच तिला धनंजयच्या कामाच्या कपड्यांना येणारा तो वास आला. तिने पूर्वाच्या हातावर असा फटका मारला की पळी पलंगाखाली गेली.

"मम्मा, मी प्यायले नाही. आय वॉज अबाउट टू, बस," पूर्वा म्हणाली.

"ते जुनं मिथेनॉल वेगळं गं," धनंजय म्हणाला. "हे हिरवं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यात बोटं बुडवून दाखवली."

"आणि तुम्ही नळी जोडताना कोपरापर्यंत हातमोजे घालता ते कशाला? मेंदी निघेल म्हणून?"

"तो नियम आहे."

"म्हणजे धक्क्यावर विष आणि घरी आणलं की तीर्थ."



जयवंती दहा वर्षांची असताना तिचे वडील, भिकाजी, एका लग्नातून रात्री चांगले हसत परतले होते. सकाळी ओटीवर उभे राहून म्हणाले, "आज एवढं धुकं कसं?" वैशाखाचा महिना, लख्ख ऊन पडलेलं. ते धुकं मग उठलंच नाही. दारूत मिथेनॉल मिसळलं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. त्याच लग्नातले दोघे तर वाचलेसुद्धा नव्हते. पुढे लग्न होईपर्यंत वडिलांचा हात धरून त्यांना बाजारात, देवळात, परसात नेणं हेच जयवंतीचं बालपण. आंधळ्या माणसाला पायरी कशी सांगायची ते तिला शाळेतल्या कवितांपेक्षा पक्कं पाठ होतं. धनंजयला हे सगळं माहीत होतं. सासऱ्यांना त्यानेही हात धरून चालवलं होतं.

"कचऱ्यातून काढा नाहीतर गुलाबातून," ती म्हणाली. "जहाजांचा धूर कमी होतोय, चांगलंच आहे. पण पोटात गेल्यावर विष बाटलीवरचं पान बघत नाही. एवढे शिकलेले लोक, मिठाईसारखं वाटत सुटले. आणि तुम्ही नैवेद्य दाखवलात."

"मी उद्या सुपरवायझरच्या कानावर घालतो. हळूच."

"मागच्या गल्लीतल्या प्रेमाच्या घरी दोन लहान पोरं आहेत. तिच्या नवऱ्यानेही धक्क्यावरून बाटली आणली असेल ना?"

"सगळ्यांनीच आणली." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "जयू, साहेबांना खोटं पाडून चालत नाही. आपला व्हिसा त्यांच्या हातात आहे."

जयवंतीने बाटलीचं झाकण घट्ट केलं, ती जुन्या डब्यात घातली आणि डबा बाहेर गॅलरीत ठेवला. आत येऊन तिने प्रेमाला फोन लावला, बाटलीला कुणी हात लावू नका म्हणून सांगितलं. मग चांदीची वाटी तिसऱ्यांदा घासायला घेतली.

"उद्या तुमचा जेवणाचा डबा होणार नाही," ती म्हणाली. "पूर्वाला बसमध्ये बसवलं की मी घरोघर जाऊन बाटल्या गोळा करणार आहे. आणि परवा तुमच्याबरोबर कंपनीच्या गाडीतून येऊन त्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे."