मोरीकडचा आळू

माज्या रांगत्या यमीच्या तोंडातनं लाळ गळत हुती, तिला रडायचं हुतं पन आवाजच फुटंना. जीभ सुजून दातात आलेली, हनवटीला हिरवा चोथा, मुठीत चावलेला देठ. मी पिठाच्या हातानं तिच्या तोंडात बोट घातलं तर माजंच बोट चुनचुनाया लागलं, मंग कळलं पोरीनं काय खाल्लं त्ये. मी लावलेला आळू. तिला उचलून अंगनात धावले, माज्या तोंडातनं दुसरं काई येईना, नुसतं काकू काकू.

काकू म्हंजी आमची घरमालकीन, बामनाची विधवा बाई. त्या येळी सोवळ्यात हुत्या, देवाचा निवद चुलीवर हुता. सोवळ्यात आसल्या की आमी त्यास्नी शिवायचं न्हाई, लांबनं बोलायचं. पन त्या तशाच आल्या, माज्या हातातनं पोर वढून घेतली, मांडीवर पालथी घातली आन् पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिचं तोंड आतनं पुसलं.

"ताक आण. माझ्या फडताळात खालच्या अंगाला आहे."

मी उंबऱ्याशी थबकले, आत कसं जायाचं म्हनून.

"अगं जा ना आत, बघत काय बसलीस? देव काही पळून जात नाहीत."

ताक थेंबथेंब पाजलं, निम्मं वघळलं, निम्मं गेलं. लई येळानं यमीनं एकदम भोकाड पसरलं. काकू म्हनल्या, "रडू दे. रडतेय म्हणजे घसा मोकळा आहे." मी तिथंच शेवाळावर बसले.

आता तुमास्नी, गावाकडच्या माज्या बहिनींनो, आन् माज्यावानी नवऱ्यामागं शेरात आलेल्या बायांनो, पयल्यापासनं सांगते. आमचं गाव शेवगावाच्या पल्याड, कोरडं. नगरला निघाले तवा यमी पोटात हुती. ह्यांना कॅम्पात लष्कराच्या मोटारी धुवायचं काम लागलं हुतं. गाडी जुपली आन् आईनं वल्या फडक्यात तुळशीचं रोप बांधून मांडीवर दिलं, म्हनली, "ऊन आसंल तिथं लाव." येवढंच म्हनली, मंग गोठ्यात गेली ती गाडी हालंपतुर भाईर आलीच न्हाई.

नगरात ऊन हुतं, पन आमच्या अंगनात न्हवतं. तिन्ही अंगानं उंच भिती, मधी दोन खाटा मावतील येवढी जागा, आन् चौथीकडं मोरी. भुई कधी वाळायचीच न्हाई. पाय ठेवला की बुळबुळ, सकाळी दगडावर गोगलगायींचे चिकट माग, मोरीला कुजक्या भाताचा वास. जेवताना घास फिरायचा तोंडात. गावाकडं आमी उनाला शिव्या द्यायचो, हितं मला त्या सावलीची शिसारी आली. तुळस महिन्यात काळी पडली, बुडाशी हात लावला तर मऊ, सडलेली. मिरची लावली, ती वर वर गेली काडीवानी, फूल न्हाई का फळ न्हाई. झेंडू तर उगावलाच न्हाई.

काकू त्यांच्या ओट्यावरनं बघायच्या. एक दिवस म्हनल्या, "ऊनवाली झाडं इथं कशाला मारतेस? पानओवा लाव, पुदिना लाव, कोपऱ्यात अडुळसा लाव, पोरीच्या खोकल्याला होईल. आळू मात्र नको, पोर रांगती आहे."

मला वाटलं, बामनाच्या बायांना आळूची भाजी लागती, आमी खाल्ली तर यांचं काय जातंय. मी एका लग्नात खाल्ली हुती, चिंचगुळाची, तिची चव जिभंवर हुती. पन झाड कधी बघितलं न्हवतं. आमच्याकडं पान्याकडंला हिरवं उगावलं की त्ये तोडायचं, खायाचं, नायतर गुराला घालायचं. हितं शेराभाईरच्या वढ्याकाठी ही मोठाली पानं दिसली, दोन गड्डे उपटले आन् मोरीच्या तोंडाशी खुपसले. कंचा खायाचा, कंचा खाजरा, मला काय ठावं. ओवा-पुदिना लावलाच न्हाई. त्यो आळू मातर आमच्या खरकट्यावर आसा माजला, मला लई कौतिक वाटायचं.

त्या दिवशी हे दुपारच्याला जेवाया आले. पोरीचं तोंड बघितलं. मागं एकदा यमीचा हात तव्याला भाजला तवा म्हनले हुते, "पुन्यांदा काय झालं तर पोर माज्या आईकडं ठेवीन आन् तुला तुज्या बापाकडं." त्ये काई उगं बोलत न्हाईत. इचारलं, "ह्ये कुनी लावलं?"

मी म्हनले, काकूंनी.

कसं म्हनले मलाबी कळलं न्हाई, तोंडातनं गेलं. हे अंगनात जाऊन वरडले, "ल्हान पोराच्या घरात आसलं लावत्यात व्हय? येवढी शिकलेली बाई तुमी." काकू दारातच हुत्या. यमीला शिवल्या म्हनून पुन्यांदा न्हाल्या हुत्या, क्येस वले, निवदाचा भात करपला हुता त्यो पातेलं खरवडून काढत हुत्या. त्यांनी माज्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"खरंय," त्या म्हनल्या. "मी लक्ष द्यायला हवं होतं."

मी आळू उपटला, मुळासकट. दोन दिवस हाताला खाज हुती, पन मला किळस आली ती त्या खाजंची न्हवं.

ह्यांनी दुसरी खोली बघितलीया. सकाळधरनं ऊन येतंय म्हनं, भुई कोरडी, मोरी लांब. मी हेच मागत हुते. सोमवारी जायाचं. काकू रोज यमीला हाक मारत्यात, तिला लोनी चाटवत्यात, मला मातर "भांडी झाली का" येवढंच. गाव आता माजं न्हाई, तिथं भावजयीची चूल हाय. ह्या नगरात जिथं माजी पोर पुन्यांदा रडली त्येच घर वाटतं, वासासकट, आन् तिथनंच मी तोंड लपवून निघालेय.

खरं सांगितलं तर पोर जाईल माज्या हातातनं. न्हाई सांगितलं तर त्या बाईवर आळ ठेवून मी उनात जाऊन बसनार. बायांनो, तुमी आसता तर काय केलं आसतं?