डायल टोन होता ना, मग झालं!

मंडळी, ज्यांना माझ्या जुन्या मोडेमला हसायचंय त्यांनी आजच हसून घ्या.

दुपारी शहापुरातल्या माझ्या सायबर कॅफेचं ब्रॉडबँड गेलं. तक्रार केली तर कंपनीवाले म्हणे, "उद्या माणूस पाठवतो."

समोर डोळखांबकडची सुनीता बसलेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म आज पाचला बंद होणार. उद्याचा माणूस तिच्या काय कामाचा?

फोनला मात्र डायल टोन होता. नवऱ्याने भंगारात काढलेला, फोनच्या लाइनवरून नेट लावणारा डायल-अप मोडेम मी शोधला, धूळ पुसली, जोडला. चांगला कर्कश किंचाळला आणि लागला!

फॉर्म निम्मा भरला आणि कनेक्शन तुटलं. त्याच लाइनचा दुसरा फोन वर आमच्या घरात आहे. सासूबाईंनी खर्डीला लेकीशी बोलायला रिसीव्हर उचलला होता.

धावत वर जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता रागावणार. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि कोणी उचलू नये म्हणून फोनच मांडीवर घेतला. नवऱ्याने हात पुढे केला तर त्याच्यावर ओरडल्या, "हात नाय लावायचा! पोरीचा फॉर्म चाललाय."

मी पुन्हा मोडेम लावला आणि पावणेपाचला फॉर्म एकदाचा सबमिट झाला. सुनीताने पावतीचा नंबर तीनदा वाचला.

नवरा विचारतोय, "आता तरी देऊ का हा डबा भंगारात?" नाय द्यायचा! जुनं टाकून देणाऱ्यांनो, तुमचं नवीन बंद पडलं की तुम्ही कोणाकडे जाता?

आणि हो, फोटो मागू नका. हेसुद्धा त्याच संथ मोडेमवरून टाकतेय. वर सासूबाई अजून फोन मांडीवर घेऊन बसल्यात.