गस रीमरला सिग्नल पडला तो दिवस

इंडियानातल्या आमच्या ओटर फोर्क गावात दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदून जात, आणि त्या फुलीवर सिग्नलची दुमजली केबिन होती. मोठ्या कंपनीचे रूळ आधी पडलेले, म्हणून तिची गाडी आधी. छोटी मागून आली, म्हणून केबिन बांधायचा खर्च तिचा आणि ताटकळायचं कामही तिचंच. याला करार म्हणत.

केबिनमधले खटके ओढायचा वेन्डेल स्ट्रेयर. हाताच्या घामाने गंज चढेल म्हणून फडक्याशिवाय खटक्याला शिवायचा नाही. चर्चमधल्या बायबललाही गावात कुणी इतकं जपलं नसेल. असा माणूस प्रेमात पडला तो नेमका अल्व्हिना रीमरच्या! तिचा बाप गस, छोट्या कंपनीचा ड्रायव्हर. डुकरांची गाडी घेऊन रोज यायचा आणि रोज वेन्डेलच्या सिग्नलखाली उभा राहायचा.

"पोरगी हवीय?" गस न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला. "एकदा मला आधी सोड. मग ये मागायला."

"नियम आहे, रीमरकाका."

"मग नियमाशीच लग्न लाव!"

सगळं दुकान हसलं. अल्व्हिनाच्या कानावर गेलं, ती नाही हसली. तिने एक फडकं भरतकाम करून केबिनवर पाठवलं, सोबत निरोप: "हे शेवटचं. पुढचं दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल."

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून शिट्ट्या झाल्या. मी फाटकापाशी ट्रक घेऊन अडकलेलो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या गाडीला नेमका त्या दिवशी संचालकसाहेबांचा खास डबा. वेन्डेलने ते फडकं घेतलं आणि गसचा खटका ओढला. त्या यंत्राची गंमत अशी, की एकाला सिग्नल पाडला, म्हणजे वाट मोकळी केली, की दुसऱ्याचा खटका जाम. पहिली गाडी निघून जाईपर्यंत देव आला तरी हलायचा नाही.

आणि गस थांबला! सवयच ती. वर न बघताच ब्रेक लावला, किटलीतून कॉफी ओतून घेतली. पलीकडे साहेबांचा डबा खोळंबलेला, आणि वारा डुकरांकडून साहेबांकडे.

फाटकापाशी बघत उभी असलेली अल्व्हिना धावत इंजिनापाशी गेली. "बाबा, सिग्नल पडलाय!"

"कुणाला?"

"तुम्हाला!"

"बापाची थट्टा करतेस?" असं म्हणत त्याने मान बाहेर काढली, आणि कॉफी मांडीवर सांडली. मग निघाला, तो गाव संपलं तरी त्याची शिट्टी संपेना.

साहेबांनी वेन्डेलला महिनाभर घरी बसवलं. गसने लगेच नवीन काढलं. "घरी बसलेल्याला पोरगी कशी देऊ?"

"बाबा," अल्व्हिना म्हणाली, "सिग्नल पडलाय. या वेळी तरी थांबू नका."

लग्न त्याच महिन्यात झालं. कंपनीने एवढी लांब रजा एरवी कुणाला दिली नव्हती.

वेन्डेल कामावर परतला त्याच दिवशी डुकरांची गाडी पुन्हा सिग्नलखाली उभी. गस इंजिनातून ओरडला, "जावईबापू! अहो, सासरा आहे मी!"

वेन्डेलने खिडकीतून भरतकामाचं फडकं हलवलं. "म्हणूनच आधी सांगतो, मामा. मोठी येतेय. कॉफी घ्या निवांत."